पहिला गेमिंग पीसी, बजेट ६५ हजार: माझ्या नोंदी

२३ जून २०२४, रविवार

आजपासून लिहून ठेवतेय. गेले तीन आठवडे इतके व्हिडिओ बघितलेत की सकाळी पक्कं केलेलं रात्री बदलतं आणि का बदललं तेच आठवत नाही. बजेट ६५ हजार, एक रुपया वर नाही. ४० माझ्या पगारातून साठवलेले, १५ जुना लॅपटॉप विकून आले, १० बाबांनी दिलेत आणि ते दिवाळीपर्यंत परत करीन असं मीच त्यांना सांगितलंय. मॉनिटर यातच बसवायचाय. कीबोर्ड, माऊस, हेडफोन आहेत. खेळायचं म्हणजे रोजचं व्हॅलोरंट, आणि सायबरपंक, एल्डन रिंग, जे लॅपटॉपवर कधी धड चाललेच नाहीत.

काल साताऱ्यातल्याच एका दुकानातून कोटेशन आणलं. मॉनिटर सोडून ५२ हजार. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, ए५२० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, चार जीबीचं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, ५०० जीबी एसएसडी आणि "कॅबिनेट विथ एसएमपीएस" (एसएमपीएस म्हणजे सगळ्या पार्टांना वीज देणारा डबा). काचेचं कॅबिनेट, चार रंगीत पंखे, बघायला फार छान होतं. पण १६५० हे २०१९ चं कार्ड, आणि ५६००जी मधला जी म्हणजे आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर, वेगळं कार्ड घेणारच असू तर त्या आतल्या ग्राफिक्सचे पैसे कशाला भरायचे, वर त्याची कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी, १६ एमबी आणि साध्या ५६०० ची ३२. हे मी विचारलं तर दुकानदार म्हणाले "ताई, जी लेटेस्ट आहे", आणि पुढचं सगळं बाबांकडे बघून बोलले. बाबांचं झेरॉक्सचं दुकान आहे पण त्यांना यातलं फारसं कळत नाही, आणि वापरणार मी आहे. वाईट वाटलं. घरी येऊन ठरवलं की प्रत्येक पार्ट का घेतला हे मला स्वतःला सांगता आलं पाहिजे, नाही आलं तर तो घ्यायचा नाही.

२९ जून, शनिवार

एवढे दिवस मी प्रोसेसरपासून सुरुवात करत होते आणि दर वेळी अडकत होते. आज उलट्या टोकाने हिशोब मांडला, आधी स्क्रीन.

१०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २० लाख ७३ हजार पिक्सेल. १४४०पी म्हणजे ३६ लाख ८६ हजार. म्हणजे प्रत्येक फ्रेमला कार्डाला जवळजवळ पावणेदोन पट पिक्सेल काढावे लागणार, तेही सेकंदाला साठ सत्तर वेळा. माझ्या बजेटमधल्या कार्डाला ते झेपणारं नाही, मग तो मॉनिटर घेऊन सेटिंग्ज लो करत बसायचं याला काही अर्थ नाही. तेव्हा २४ इंच, १०८०पी, आयपीएस पॅनेल, १०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा चित्र बदलणारा. ८,२०० पर्यंत मिळतोय. १४४ हर्ट्झला दोन अडीच हजार जास्त आहेत आणि ते दोन अडीच हजार मला कार्डात हवेत. स्क्रीन ठरली की कार्ड ठरतं, कार्ड ठरलं की प्रोसेसर, मग एसएमपीएस, मग बाकीचं. हा क्रम सापडल्यापासून डोकं एकदम मोकळं झालं. उरले ५६,८००.

३ जुलै, बुधवार

ग्राफिक्स कार्ड. या एका वस्तूवर दहा दिवस गेले.

आरएक्स ६५०० एक्सटी आधी काढलं. स्वस्त आहे पण चारच जीबी मेमरी, आणि स्लॉटमधल्या १६ पैकी फक्त ४ लेन (डेटा जायच्या वाटा) वापरतं, वर व्हिडिओ एन्कोडर नाही म्हणजे रेकॉर्डिंगचा सगळा भार प्रोसेसरवर. आर्क ए७५० चा वेग चांगला पण २२५ वॅट खातं, म्हणजे एसएमपीएस मोठा, म्हणजे बचत तिथेच गेली. आरटीएक्स ३०५० ला दादाचा, म्हणजे डोंबिवलीच्या चुलत भावाचा आग्रह होता. पण त्यात एक मोठी गोम आहे. ३०५० नावानेच दोन वेगळी कार्डं विकली जातात. आधीचं ८ जीबीचं, २५६० कोअर (हिशोब करणारे भाग) आणि १२८ बिट बस (मेमरीकडे जायची वाट). या वर्षी आलेलं ६ जीबीचं, २३०४ कोअर आणि ९६ बिट. बॉक्सवर मोठ्या अक्षरात दोन्हीकडे ३०५०, आणि फरक मेमरीच्या आकड्यावरूनच ओळखायचा. ज्याला माहीत नाही तो सरळ फसणार. ८ जीबीवालं घ्यावं तर त्याच किमतीत आरएक्स ६६०० मिळतंय, आणि गेममध्ये ते ३०५० च्या बऱ्यापैकी पुढे आहे. डीएलएसएस, म्हणजे आरटीएक्स कार्डांची सॉफ्टवेअरने फ्रेम वाढवायची सोय, मिळणार नाही हे खरं, पण मला १०८०पी वर आधी कार्डाची स्वतःची ताकद हवी.

तर आरएक्स ६६००. आठ जीबी, १३२ वॅट, एकच ८ पिनची वायर. २०-२१ हजार.

७ जुलै, रविवार

ओळखीतून एकाने ८ हजारात आरएक्स ५८० सांगितलं, आठ जीबी, "नवं कोरं, बॉक्स पॅक". १२ हजार वाचणार म्हणून पूर्ण दिवस मन डळमळत होतं. मग फोटो झूम करून बघितला तर खाली बारीक अक्षरात २०४८एसपी. मूळ ५८० ला २३०४ कोअर असतात, हे कमी कोअरचं दुसरंच कार्ड. शिवाय या पिढीला एएमडीने गेल्या वर्षाच्या शेवटी ड्रायव्हरच्या (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मुख्य रांगेतून बाजूला काढलंय. नको म्हणून कळवलं.

१३ जुलै, शनिवार

प्रोसेसर आणि बोर्ड. शेवटी दोनच उरले होते, आय३ १२१००एफ आणि रायझन ५ ५६००. आय३ चार कोअर आठ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं), जवळजवळ तीन हजार स्वस्त, आणि व्हॅलोरंटला पुरून उरेल. ५६०० सहा कोअर बारा थ्रेड. मी गेम चालू असताना मागे डिस्कॉर्ड, ब्राउझर, गाणी सगळं चालू ठेवते, आणि हा पीसी पाच वर्षं पुरवायचाय, म्हणून ५६००. नव्या एएम५ सॉकेटचा (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) पण विचार केला, पण बोर्ड आणि डीडीआर५ रॅम मिळून दहा हजाराच्या आसपास वर जातं, आणि ते दहा हजार कार्डातून कापावे लागले असते. एएम४ आता जुनं होत चाललंय हे मान्य करूनच घेतेय.

बोर्डाचं जरा सविस्तर लिहिते. बी४५० साडेसहात मिळतो, बी५५० नऊच्या आत. फरक अडीच हजाराचा. बी४५० मध्ये पीसीआयई ३, बी५५० मध्ये कार्डाला पीसीआयई ४, म्हणजे कार्डाच्या स्लॉटची पुढची, जास्त वेगाची पिढी. आरएक्स ६६०० आठच लेन वापरतं त्यामुळे जुन्या स्लॉटमध्ये थोडासा फटका बसतो, पण नुसता त्यासाठी अडीच हजार मी दिले नसते. खरं कारण बायोस, म्हणजे पीसी चालू होताना सगळ्यात आधी चालणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर. ५६०० हा प्रोसेसर एप्रिल २०२२ मध्ये आला. बोर्ड त्याआधीचा पडून राहिलेला माल असेल तर त्याच्या बायोसला हा प्रोसेसर माहीतच नसणार आणि स्क्रीनवर काहीच येणार नाही. यावर उपाय म्हणजे ज्या बोर्डावर पेनड्राइव्ह लावून बटण दाबून बायोस बदलता येतो, प्रोसेसर चालत नसला तरी, असा बोर्ड. काही बी४५० मध्येही ते बटण असतं, पण मला मिळणाऱ्यांत नव्हतं. साताऱ्यात बसून दर वेळी मुंबईला बोर्ड घेऊन पळणं मला जमणार नाही, म्हणून बटणवाला बी५५०.

१७ जुलै, बुधवार

मोहरमची सुट्टी आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली. खिचडी खाऊन बाबांच्या दुकानात गेले, तिथला जुना असेंबल केलेला पीसी उघडायला. त्याचा एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेला. हातात घेतला तर इतका हलका की आत काही आहे की नाही असं वाटावं. बाजूच्या स्टिकरवर मोठं ४५० वॅट. पण त्याच स्टिकरवर खाली एक तक्ता असतो, तो कुणी वाचत नाही. त्यात पिवळ्या वायरचा, म्हणजे १२ व्होल्टचा रकाना बघायचा. तिथे १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघंही १२ व्होल्टवरच जेवतात, म्हणजे कामाचे वॅट १९२ आणि नाव ४५०. मी जो ५५० वॅटचा ब्राँझ दर्जाचा एसएमपीएस बघितलाय त्याच्या तक्त्यात १२ व्होल्टला ४३ अँपिअर आहेत, म्हणजे ५१६ वॅट. हा गुणाकार बाबांना करून दाखवला तेव्हा त्यांनी स्वतः चष्मा लावून स्टिकर परत वाचलं.

६६०० ला कंपनी ४५० वॅटचा एसएमपीएस सांगते. माझं सगळं मिळून गेममध्ये अडीचशेच्या आसपास जाईल, तरी ५५० घेतेय, कारण आमच्याकडे पावसाळ्यात व्होल्टेज दिवसभर वरखाली होतं. आणि नुसतं ८० प्लस लिहिलंय म्हणून घ्यायचं नाही, ते फक्त वीज किती वाया जाते ते सांगतं. शॉर्ट झालं, व्होल्टेज चढलं तर तो बंद पडतो का, हे वेगळं बघावं लागतं. सगळ्या पार्टात हाच एक असा आहे की जो स्वतः जळताना शेजारच्यांना घेऊन जाऊ शकतो. इथे मी शंभर रुपयेही कापणार नाही.

२६ जुलै, शुक्रवार

उद्या मुंबईत लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटर पार्टांच्या बाजारात, जायचं होतं, पण काल पुण्यात पाणी भरलं, मुंबईतही तेच, आई सोडायलाच तयार नाही. पुढच्या शनिवारी. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात.

तोवर बारीकसारीक उरकलं. रॅम ८ च्या दोन, १६ ची एक नाही, दोन असल्या की दोन्ही चॅनेल चालतात. ३२०० स्पीड. एसएसडी १ टीबी जेन ३. पाचशेची घेतली तर विंडोज ४६५ दाखवतं, त्यात एकेक गेम शंभर जीबीच्या पुढे, मग वर्षभरात दुसरी घ्यावी लागते. कॅबिनेट पुढून जाळीचं, काच एका बाजूलाच.

३ ऑगस्ट, शनिवार

आणलं सगळं!! एसटीत बसून लिहितेय.

काल रात्री डोंबिवलीला दादाकडे उतरले. सकाळी फास्टने दादर, तिथून वेस्टर्नची स्लो पकडून ग्रँट रोड, पूर्वेला बाहेर पडून पाच सात मिनिटं चालत. पाटीवर नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण तोंडात सगळ्यांच्या लॅमिंग्टन रोडच. एका दुकानात कार्ड २१,०००, दोन दुकानं सोडून २०,८००, आणि मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर २०,३००. एकाने बिल नको असेल तर सहाशे कमी करतो म्हणून सांगितलं. दादाने माझ्याकडे बघितलं, मी नाही म्हटलं. बिलावर सीरियल नंबर नसेल तर उद्या वॉरंटी मागायची कुणाकडे. इथेही काउंटरवरचे काका आधी दादालाच विचारत होते, दादा म्हणाला "तिला विचारा, मी फक्त बॉक्स उचलायला आलोय". नंतर काकांनी फार मन लावून दाखवलं सगळं, एसएमपीएसचं स्टिकर मी मागितलं तेव्हा बॉक्स फोडून दाखवलं.

हिशोब: प्रोसेसर ११,४००, बोर्ड ८,९००, रॅम ३,३००, कार्ड २०,३००, एसएसडी ५,४००, एसएमपीएस ४,१००, कॅबिनेट ३,२००, मॉनिटर ८,२००. एकूण ६४,८००. दोनशे उरले. बोर्डाचा बॉक्स जरा धुळकट होता, मागच्या कपाटातून काढला, हे लिहून ठेवते.

मुंबई सेंट्रलचा डेपो जवळच, टॅक्सीने गेलो. कॅबिनेट आणि मॉनिटर डिकीत, कार्ड आणि प्रोसेसर मांडीवर. दादा गाडी सुटेपर्यंत थांबला होता.

४ ऑगस्ट, रविवार

आज दीप अमावस्या. जेवणाच्या टेबलावर आईने घासलेल्या समया, निरांजनं, कंदील सगळे मांडलेले, त्यामुळे मी दिवाणावर पुठ्ठा टाकून बसले. आईचं म्हणणं अमावस्या उतरेपर्यंत चालू करू नकोस. जोडायला हरकत नाही म्हणाली.

प्रोसेसरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाला जुळवला. एएम४ ला पिना प्रोसेसरलाच असतात, एक जरी वाकली तरी संपलं, म्हणून दाबायचा नाही, नुसता ठेवायचा, तो आपोआप बसतो. बसला तेव्हा अगदी बारीक हालचाल जाणवली आणि मग तो हलेना. पंख्याला मात्र वेळ गेला. याच्याबरोबर येणारा पंखा चार स्प्रिंगच्या स्क्रूंनी बसतो, त्यासाठी बोर्डावरचे प्लास्टिकचे दोन कान आधी काढावे लागतात, आणि ते काढले की बोर्डामागची धातूची पट्टी सुटून खाली पडते. एका हाताने ती खालून धरायची आणि दुसऱ्या हाताने वरून स्क्रू, तेही समोरासमोरचे थोडे थोडे करत, एकच पूर्ण आवळला तर पंखा कलतो. शेवटी बाबांनी खालून पट्टी धरली. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत.

अमावस्या उतरली, दिव्यांची पूजा झाली, कणकेच्या दिव्यांचा नैवेद्य झाला, मग सात वाजता बटण दाबलं. पंखे फिरले, कार्डाचा पंखा फिरला. स्क्रीन काळी.

मॉनिटरची वायर कार्डालाच आहे. रॅम काढून परत लावली, एकच लावून बघितली. प्रोसेसरची ८ पिन वायर तपासली. बोर्डावर चार बारीक लाइट आहेत, त्यातला सीपीयूचा पेटून राहतोय. मग बॉक्सवरच्या स्टिकरवर बायोसचा नंबर बघितला आणि कंपनीच्या साइटवर यादी. या नंबरनंतर कितीतरी व्हर्जन पुढे ५६०० चं नाव आलंय. जुना माल निघाला. रडू येत होतं, पण खरं सांगायचं तर आतून धीरही होता, कारण याच दिवसासाठी ते बटण घेतलं होतं. तेवढ्यात लाइट दोनदा जाऊन आली. बायोस लिहिताना लाइट गेली तर बोर्ड कामातून जाऊ शकतो, त्यामुळे आज हात लावायचा नाही.

५ ऑगस्ट, सोमवार

श्रावणी सोमवार. ऑफिसमधून थेट बाबांच्या दुकानात. तिथला यूपीएस घेतला, ६०० व्हीए, आणि ८ जीबीचा जुना पेनड्राइव्ह, ज्यात गिऱ्हाइकांच्या पीडीएफ असतात, त्या आधी दुसरीकडे काढून ठेवल्या. माझा ६४ चा पेनड्राइव्ह चालला नसता, याला एफएटी३२ फॉरमॅट लागतं आणि विंडोजच्या साध्या फॉरमॅटमध्ये ३२ जीबीच्या वर तो पर्यायच येत नाही. फाइल दुकानाच्या कॉम्प्युटरवर उतरवली, बोर्डाच्या पुस्तकात दिलंय तेच नाव तिला दिलं, एक अक्षर इकडेतिकडे नाही.

घरी यूपीएसवर लावून, पीसी बंद ठेवून, नुसता एसएमपीएस चालू करून नऊ चाळीसला बटण दाबलं. बटणाशेजारचा लाइट लुकलुकायला लागला. आम्ही तिघं जमिनीवर बसून तो एक ठिपका बघत होतो. बाहेर पाऊस. आईने गॅसवरचं बंद करून टाकलं, का ते तिलाच माहीत. साधारण सात मिनिटांनी लुकलुकणं थांबलं. लाइट गेली नाही.

मग पॉवर बटण. पंखे फिरले, थोडा वेळ काहीच नाही, आणि मग स्क्रीनवर बोर्डाचं नाव आलं. बाबांनी टाळ्या वाजवल्या. बायोसमध्ये रायझन ५ ५६००, १६३८४ एमबी, एसएसडी, सगळं दिसतंय.

८ ऑगस्ट, गुरुवार

विंडोज टाकलं. पण नुसतं टाकून भागत नाही, पैसे दिलेल्या तीन गोष्टी आपोआप चालू होतच नाहीत. रॅम २६६६ वर चालत होती, बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग) लावल्यावर ३२००. मॉनिटर ६० हर्ट्झवर होता, डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन १०० केला, आणि फरक नुसता माऊस हलवतानाच कळतो. तिसरं म्हणजे विंडोज ११ वर व्हॅलोरंट उघडेना, त्याला टीपीएम (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (चालू होताना सॉफ्टवेअर खरं आहे का ते तपासणारी सोय) दोन्ही लागतं. बायोसमध्ये एएमडीचा एफटीपीएम (प्रोसेसरमधलाच टीपीएम) चालू केला, सीएसएम (जुन्या पद्धतीने चालू व्हायची सोय) बंद केलं, मग सिक्युअर बूट लागलं. रात्री साडेअकराला पहिली मॅच. हरलो, पण एकदाही अडकलं नाही.

११ ऑगस्ट, रविवार

सायबरपंक हाय सेटिंगवर, रे ट्रेसिंग (प्रकाश खऱ्यासारखा दाखवणारी जड सेटिंग) बंद ठेवून दीड तास. बहुतेक वेळ साठच्या वर, बाजारातल्या गर्दीत थोडं खाली येतं. कार्ड ७० डिग्रीच्या आत, प्रोसेसर ७५ च्या आसपास. यूपीएस बाबांना परत दिला, माझा स्वतःचा पुढच्या महिन्याच्या पगारातून.

दुपारी सगळी बिलं काढून बॉक्सवरच्या सीरियल नंबरांशी एकेक जुळवली. सात बरोबर. एसएमपीएसच्या बिलावर शेवटून तिसरा आकडा चुकलाय, ८ च्या जागी ३ पडलाय. दादाला फोटो पाठवला, तो शनिवारी जाऊन बिल दुरुस्त करून आणतो म्हणाला.